तीन बालगृहांत तीन भावंडं: भेटी कुणी घडवायच्या?

प्रश्न : मी पालम तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्याकडे तीन भावंडं होती. त्यांचे आईवडील वर्षभराच्या आत एकामागोमाग गेले. आजी आहे, पण थकलेली. थोरली बारा वर्षांची, तिला मुलींच्या बालगृहात ठेवलं. नऊ वर्षांचा भाऊ मुलांच्या बालगृहात आहे. अडीच वर्षांच्या धाकट्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिशुगृहात नेलं. मध्यंतरी थोरलीचा फोन आला. तिनं एकच विचारलं, ‘बाई, बाळ कुठं आहे?’ मला सांगता आलं नाही. भावंडांना असं वेगळं करता येतं का? कायद्यात त्यांच्यासाठी काही लिहिलेलं आहे का? आणि माझ्यासारखीनं काय करावं?
– एक शिक्षिका, पालम तालुका, जि. परभणी

उत्तर : बाई, तिघांपैकी आधी धाकट्याचं बोलू, कारण त्याच्या बाबतीत वेळ कमी आहे.

शिशुगृह म्हणजे बहुतेक ठिकाणी विशेष दत्तक संस्थाच असते. तिथं आलेल्या अनाथ मुलाची चौकशी पूर्ण झाली की बाल कल्याण समिती त्याला दत्तक देण्यासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरवू शकते. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ३८नुसार दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ही मुदत दोन महिन्यांची आहे, त्याहून मोठ्या मुलासाठी चार महिन्यांची. पुढे दत्तकाचा आदेश झाला की कलम ६३नुसार मूल सर्वार्थानं नव्या आईवडिलांचं होतं. जन्माच्या कुटुंबाशी असलेला त्याचा कायदेशीर संबंध तिथंच संपतो आणि नोंदी गोपनीय होतात. दत्तक गेलेल्या मुलाला अठरा वर्षांनंतर स्वतःच्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. मागे राहिलेल्या बहिणीला मात्र त्याचा पत्ता मागण्याची तशी सोय नाही.

म्हणून हे उत्तर वाचून झालं की लगेच बाल कल्याण समितीच्या नावानं एक अर्ज लिहा. तिन्ही मुलांची नावं, जन्मतारखा, कोण कुठल्या संस्थेत आहे आणि ही सख्खी भावंडं आहेत, हे त्यात स्पष्ट येऊ द्या. शाळेच्या दाखल्याच्या नोंदी आणि जुनं रेशन कार्ड जोडा. धाकट्याबद्दल कोणताही निर्णय घेण्यापूर्वी थोरलीचं आणि मधल्याचं म्हणणं ऐकावं, अशी विनंती करा. एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि एक त्या शिशुगृहाला द्या. तिन्ही ठिकाणी पोच घ्या. ज्या दोन संस्थांच्या कागदांत एकमेकींचा उल्लेखच नाही, त्यांच्याकडून भावंडांची भेट घडण्याची आशा धरता येत नाही. अनेकदा घोटाळा इथंच होतो. प्रत्येक मुलाची स्वतंत्र फाइल तयार होते आणि भावंडांची माहिती पहिल्या पानावर एका ओळीत अडकून राहते.

मी दत्तकाच्या विरोधात नाही. अडीच वर्षांच्या बाळाला कायमचं घर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. तिघांना एकाच कुटुंबात देण्याचा प्रयत्नही दत्तक यंत्रणेनं करायचा असतो. पण आपल्याकडे दत्तक घेऊ पाहणाऱ्या बहुतेक जोडप्यांना तान्हं मूल हवं असतं, बारा वर्षांच्या मुलीसह तिघं नव्हे. तेव्हा बाळाला घर द्यायचं की त्याची ताई त्याच्याजवळ ठेवायची, असा खरोखरचा पेच समितीपुढे येऊ शकतो. तो सोडवताना ताईला विचारलंच गेलं नाही, तर त्याला मुलांचं हित म्हणता येणार नाही. आपलं म्हणणं मांडणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, हे याच कायद्याच्या कलम ३मध्ये तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न : असं वेगळं करता येतं का?

होतं खरं, आणि बहुतेक वेळा कुणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. आपली संस्थात्मक व्यवस्थाच वय आणि लिंग पाहून बांधलेली आहे. लहानग्यांना शिशुगृह, मोठ्या मुलींना एक बालगृह, मोठ्या मुलांना दुसरं. त्यांत तालुक्याच्या ठिकाणी काही नसतं आणि जिल्ह्यातही प्रत्येक प्रकारच्या संस्थेत जागा असतेच असं नाही. तुमची तिघं तीन वेगवेगळ्या दारांतून आत गेली, कारण त्यांना एकत्र घेईल असं दारच जवळपास नव्हतं.

कायदा काय म्हणतो? फॉस्टर केअर, म्हणजे मुलाला दत्तक न देता दुसऱ्या कुटुंबात काही काळ सांभाळायला देणं, हे कलम ४४मध्ये येतं. भावंडांना एकाच कुटुंबात ठेवण्यासाठी सर्व प्रयत्न करावेत, असं तिथं स्वच्छ लिहिलं आहे. अपवाद एकच, त्यांना वेगळं ठेवणं त्यांच्याच हिताचं असेल तर. बालगृहातल्या भावंडांसाठी मूळ कायद्यात इतकं थेट वाक्य नाही. तिथं कलम ३ची तत्त्वं धरून बोलावं लागतं : मुलाचं सर्वोत्तम हित, कुटुंबाची जबाबदारी, आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २००९मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांतला १७वा परिच्छेद आणखी पुढे जातो. एकमेकांची ओढ असलेल्या भावंडांना शक्यतो वेगळं करू नये, आणि करावंच लागलं तर त्यांचा संपर्क राहील यासाठी सर्व प्रयत्न करावेत, असं तो सांगतो. अमेरिकेत २००८च्या कायद्यानं ही जबाबदारी राज्यांवर टाकली. एकत्र ठेवता येत नसेल तर नियमित भेटी किंवा संपर्क, असा तिथला नियम आहे.

तेव्हा समितीपुढे तुम्ही कसली मेहेरबानी मागायला जात नाही, हे मनात पक्कं असू द्या.

पहिली मागणी एकत्र राहण्याची असावी. आजी थकली आहे, पण आत्या, मामा, चुलता, मावशी यांपैकी कुणी आहे का? आपल्या भागात नातेवाईक मागे सरतात ते पुष्कळदा मन नाही म्हणून नव्हे. एक मूल पोसता येईल, तीन कशी पोसायची, या हिशेबापाशी ते अडतात. मग एक जण एकाला नेतो, दुसरा दुसऱ्याला, आणि तिथूनही ताटातूट सुरू होते. राज्याची बालसंगोपन योजना यासाठीच आहे. आता तिला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि दर मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. तिघांचे ६,७५० होतात. पालमसारख्या ठिकाणी एका घराचा निर्णय बदलायला एवढी रक्कम पुरते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे दरमहा ४,००० रुपये आहेत, त्याचे निकष वेगळे आहेत. कोणती योजना लागू होईल हे परभणीला जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात ठरतं. मृत्यूचे दाखले, आधार, शाळेचं बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवा. पैसे उशिरा येतात ही लोकांची तक्रार खरी आहे. ते नातेवाइकांना आधीच सांगा, म्हणजे दोन महिन्यांत कुणी मुलांना परत आणून सोडणार नाही.

घरात सोय होत नसेल तर दुसरी मागणी : तिघं निदान एका जिल्ह्यात, एका गावात असावीत. मुलांना एका संस्थेतून दुसरीत हलवता येतं. कलम ९६नुसार जिल्ह्यातल्या जिल्ह्यात सारख्या संस्थांमधला बदल समिती स्वतः करू शकते, जिल्ह्याबाहेरचा असेल तर समितीच्या शिफारशीवरून राज्य शासन. धाकट्याला परभणीच्या जवळ आणता येईल का, किंवा थोरल्या दोघांना त्याच्या जवळ नेता येईल का, हे विचारलं पाहिजे. कुणी विचारल्याशिवाय ते आपोआप होत नाही.

मराठवाड्याला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं एका रात्रीत शेकडो मुलं पोरकी केली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आपलं घर’ उभं केलं. लातूरला एसओएस बालग्राम आलं. बालग्रामची पद्धत इथं मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हर्मान ग्माइनर यांनी १९४९मध्ये ऑस्ट्रियातल्या इम्स्ट गावी ती सुरू केली. एका घरात एक आई आणि वेगवेगळ्या वयांची मुलंमुली एकत्र, त्यामुळे सख्ख्या भावंडांना वेगळं काढावं लागत नाही. वयानुसार वाटणी न करताही मुलं सांभाळता येतात, याचा हा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा अनुभव आहे. सरकारी बालगृहांनी त्यातून शिकावं असं मला फार वाटतं.

भावंडं एकमेकांना काय देतात, याचा एक जुना अभ्यासही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेरेझिनच्या छळछावणीतून सुटलेली साधारण तीन वर्षांची सहा मुलं इंग्लंडमध्ये बुलडॉग्ज बँक नावाच्या घरात ठेवली होती. ॲना फ्रॉइड आणि सोफी डान यांनी त्यांच्याबद्दल १९५१मध्ये लिहिलं. ही मुलं रक्ताची भावंडं नव्हती, पण आईवडिलांशिवाय एकत्र वाढली होती. मोठ्या माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता. एकमेकांना मात्र ती क्षणभर सोडत नसत, खाऊ आधी दुसऱ्याला देत. एकाला फिरायला नेलं तर उरलेली कासावीस होत. ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांना एकमेकांनी तगवलं होतं. तुमच्या थोरलीनं फोनवर स्वतःबद्दल काही न विचारता बाळाबद्दल विचारलं, ते यातलंच आहे.

काही अधीक्षक म्हणतात, थोरल्या मुलीवर धाकट्यांची जबाबदारी पडते, तिचं बालपण जातं, म्हणून वेगळं ठेवलेलं बरं. यात तथ्य आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत आठ-नऊ वर्षांच्या मुली कोपीवर धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढतात, हे आपण पाहतो. पण धाकट्याला आंघोळ घालायचं, भरवायचं काम तिच्याकडून काढून घेण्यासाठी धाकट्यालाच तिच्यापासून दूर नेण्याची गरज नाही. वेगळं केल्यावर तिची काळजी कमी होत नाही, फक्त ती करायला समोर कुणी नसतं.

आणि एकत्र ठेवणं अगदीच जमलं नाही, तर भेटी. इथं माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे : भेट ठरलेली हवी आणि कागदावर हवी. ‘अधूनमधून भेटवत जाऊ’ असं तोंडी सांगितलेलं तिसऱ्या महिन्यात विरून जातं. गाडी नसते, कर्मचारी रजेवर असतो, परीक्षा येते. आपल्या परंपरेत हे फार पूर्वी कुणीतरी ओळखलं आहे. आपेगावची ती चार भावंडं आईवडिलांमागे एकमेकांना धरून राहिली. त्यांच्या समाध्या मात्र त्र्यंबकेश्वर, आळंदी, सासवड आणि मुक्ताईनगरच्या परिसरात, एकमेकींपासून लांब आहेत. पण आषाढीच्या वाटेवर तोंडले-बोंडलेला माउलींची आणि सोपानकाकांची पालखी भेटते आणि हजारो माणसं ती बंधुभेट पाहायला थांबतात. वारकऱ्यांनी भेटीचा दिवस आणि जागा नेमून ठेवली आहे, म्हणून ती दर वर्षी होते.

प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना तयार करणं संस्थेवर बंधनकारक आहे. तिघांच्याही योजनेत भावंडांच्या भेटीचा मजकूर यावा आणि समितीच्या आदेशातही यावा, असा आग्रह धरा. महिन्याचा कोणता रविवार, कुठल्या संस्थेत, मुलांना कोण नेणार, आठवड्याचा फोन किंवा व्हिडिओ कॉल कोणत्या वारी किती वाजता, एवढं त्यात असलं पाहिजे. राखी आणि भाऊबीज वेगळी लिहून घ्या. आपल्याकडे पंचमीला, दिवाळीला बहिणीला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. या मुलीचा भाऊ नऊ वर्षांचा आहे, तो एकटा जाऊ शकत नाही, तेव्हा त्याच्यासोबत जायला मोठं माणूस लागेल. सणासाठी समितीच्या परवानगीनं मुलांना काही दिवस घरी आणता येतं. आजीच्या घरी तिघं चार दिवस एकत्र राहिली, तर ते वर्षभर पुरतं.

प्रवासाचंही सांगते. पालमहून गंगाखेडमार्गे परभणी. एसटीत मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुम्हाला आणि आजीला. आजींचं वय पंचाहत्तरच्या पुढे असेल तर त्यांचा प्रवास मोफत आहे, फक्त आधार कार्ड जवळ हवं. मुलालाही बारा वर्षांपर्यंत अर्धंच तिकीट. खर्चाच्या नावाखाली भेट अडू देऊ नका.

अडीच वर्षांचं मूल फोनवर बोलत नाही आणि फार लवकर विसरतं. त्याच्यासाठी ताईचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, तो शिशुगृहातल्या मावशींनी रोज झोपताना लावावा. तिघांचा एकत्र फोटो काढा, तीन प्रती करा, मागे नावं, जन्मतारखा, आईवडिलांची नावं आणि गाव लिहा. मोठ्या दोघांना पत्रं लिहायला लावा. पोस्टकार्ड हातात राहतं, उशीखाली ठेवता येतं, वसतिगृह बदललं तरी सोबत जातं. हे तुमच्याइतकं चांगलं कुणी करू शकणार नाही, कारण तुम्ही त्यांना लिहायला शिकवलं आहे. एक वही मात्र तुमच्याकडेच ठेवा : कोण कधी कुठं गेलं, संस्थेचा फोन, अधीक्षकांचं नाव, समितीच्या आदेशाचा क्रमांक. मुलं हलवली जातात, अधिकारी बदलतात. सगळे पत्ते ठाऊक असलेलं एक माणूस गावात असावंच लागतं.

हे फोटो आणि आवाज व्हॉट्सॲपच्या गटांत मात्र टाकू नका. अशा मुलांची ओळख उघड करण्यास कलम ७४नं मनाई आहे. (तुमच्या पत्रातले काही तपशील मी त्याच कारणानं गाळले आहेत.) २०२१मध्ये कोरोनाच्या काळात ‘दोन लहान मुली आहेत, कुणी दत्तक घ्या’ असे निरोप फोन नंबरांसह फिरत होते. कायद्याची प्रक्रिया सोडून मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, आणि त्यात भावंडं कायमची हरवतात. असा निरोप दिसला तर १०९८ला कळवा.

भेटू नये अशीही वेळ असते का? असते. एका भावंडाकडून दुसऱ्याला मारहाण किंवा त्याहून वाईट काही होत असेल, तर थांबावं लागतं. मुलगा किंवा मुलगी स्वतःच नको म्हणत असेल, तर तेही ऐकावं लागतं. पण ‘भेटीनंतर मूल रडतं, दोन दिवस जेवत नाही’ हे भेट बंद करण्याचं कारण नव्हे. निरोप घेताना मूल रडणारच. उलट भेटी अधिक वेळा आणि नेमक्या दिवशी झाल्या, तर पुढची भेट कधी ते त्याला कळतं आणि रडणं कमी होतं. अमेरिकेत लिन प्राइस नावाच्या बाईंनी १९९५मध्ये वेगवेगळ्या घरांत गेलेल्या भावंडांसाठी ‘कॅम्प टू बिलाँग’ हे उन्हाळी शिबिर सुरू केलं. त्या स्वतः बहिणीपासून वेगळ्या वाढल्या होत्या. आठवडाभर भावंडं एकत्र राहतात, जेवतात, भांडतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या शाळेच्या इमारती रिकाम्याच असतात. परभणीत कुणी मनावर घेतलं, तर जिल्ह्यातल्या अशा सगळ्या भावंडांसाठी समितीच्या परवानगीनं हे करणं अवघड नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायला हवी. वडिलांच्या नावावर जमीन आहे का? असेल तर तलाठ्याकडे वारस नोंद झाली का ते पाहा. सातबाऱ्यावर तिन्ही मुलांची नावं लागली पाहिजेत, मुलीचंही, अज्ञान पालनकर्त्याच्या नोंदीसह. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत समान वाटा १९९४पासून आहे. मुलं सज्ञान होईपर्यंत त्यांचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. एका सातबाऱ्यावरची तीन नावं म्हणजे उद्या त्यांना एकमेकांकडे परतण्याचं एक कारण आहे. संस्थेत गेलेल्या मुलाचं नाव गावात हळूहळू गळतं, हे मी अनेक प्रकरणांत पाहिलं आहे.

समिती ऐकत नसेल तर? समितीनं महिन्यातून किमान २० दिवस बसावं, असं कायदा सांगतो. तेव्हा ‘पुढच्या महिन्यात या’ हे उत्तर पुरेसं नाही. तिच्या कामकाजाबद्दलची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. आदेशच चुकीचा वाटत असेल तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं, आणि फॉस्टर केअर किंवा प्रायोजकत्वाचा विषय असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आता थोरलीचं. सहा वर्षांनी ती अठराची होईल आणि बालगृह सोडेल. त्या दिवशी तिच्या हातात दोन्ही भावांचे पत्ते, तिन्ही जन्मदाखले आणि समितीच्या आदेशांच्या प्रती असल्या पाहिजेत. अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज त्याआधीच करून ठेवा, २०१८पासून राज्यात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. मधल्याचाही अर्ज सोबतच करा. पुढे ती कमावती झाली आणि भावाला आपल्याकडे ठेवते म्हणाली, तर तो अर्ज समितीला विचारात घ्यावा लागेल, आणि तेव्हा इतक्या वर्षांच्या भेटींच्या नोंदी तिच्या बाजूनं बोलतील. म्हणून प्रत्येक भेटीनंतर संस्थेच्या नोंदवहीत सही करायला विसरू नका. आणि आज संध्याकाळी तिला फोन करून सांगा : बाळ शिशुगृहात आहे, मी अर्ज करते आहे, पहिल्या भेटीचा दिवस ठरला की तुला आधी कळवेन.